तणसातली सायकल

॥ श्री ॥
हिरडीटोला, ता. जि. गोंदिया
दि. २ डिसेंबर २०२४

ती. सौ. मंजूआत्यास,
टीनाचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन असताना पत्र कायले, असं तू म्हणशीलच. बाबांनीही तेच विचारलं. झालं असं, की आमच्या नव्या मुख्याध्यापिका पटले मॅडम यांनी शाळेत आभाराचा महिना काढलाय. नववी-दहावीच्या प्रत्येकानं शाळेत पूर्वी काम केलेल्या एका माणसाला हातानं पत्र लिहायचं, आभार मानायचे आणि १२ जानेवारीच्या मेळाव्याला बोलवायचं. मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं तर चालेल का, असं आमच्या वर्गातल्या हेमेंद्रनं विचारलं. त्याला दोन पत्रं लिहावी लागताहेत.

नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याला आले मुन्नालाल बिसेन सर, गणित, सेवानिवृत्त, हल्ली मुक्काम नवेगाव बांध. माझी मैत्रीण चंदा नशीबवान, तिला आपल्याच गल्लीतले सुकरामकाका मिळाले, शाळेचे जुने शिपाई. सरांना मी जन्मात पाहिलं नाही, आभार कशाचे मानू? बाबांना विचारलं तर त्यांनी नुसता डावा तळहात चोळला आणि भात कालवायला लागले.

खरी गंमत पुढे. काल चंदाबरोबर मीही काकांकडे गेले. ते अंगणात मासे धरायचं जाळं विणत होते. मला मुन्नालाल सर मिळाल्याचं सांगितलं, तर त्यांचा हात थांबला. म्हणाले, "मले पत्र लिहायचं त लिहा बापा, पन त्या मास्तरच्या बाजूच्या खुर्चीवर मले बसवू नका." काकू आतूनच बोलल्या, सायकलीचं भांडण अजून जित्तं हाये. कोणती सायकल, ते मात्र कोणी सांगत नाही.

तू तर सरांच्याच वर्गात होतीस ना? सगळं सविस्तर लिही. मामंजींना नमस्कार.

कळावे. लोभ आहेच, उत्तर वेळेवर आलं तर वाढेल.
तुझी लाडकी (तूच म्हणतेस),
टीना

---

नाशिक, दि. ९ डिसेंबर २०२४

चि. टीनास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या अक्षरात नाशिकचं नागपूर वाचता येतं, तरी पत्र पोचलं. त्या पोस्टमनचेही आभार मानून टाक.

सरांबद्दल सांगते. संध्याकाळ झाली, की ते हिरव्या सायकलीवरून गावभर फिरायचे. कोणाच्या ओसरीवर पुस्तक उघडं आहे, ते पाहत. घंटी ऐकली, की आम्ही हातातलं टाकून मोठ्यानं पाढे म्हणायचो. एकदा तुझ्या बाबांनी घाईत पंचांग उघडलं आणि त्यातून सतराचा पाढा वाचला. तळहात का चोळला, ते आता कळलं असेल.

सुकरामकाका आणि सर म्हणजे एका डब्यात जेवणारी माणसं. सरांच्या घरचं वांगं काकांना लागे आणि काकांच्या घरची लाखोळीची भाजी सरांना. मग भांडण झालं, आणि त्यानंतर बारा वर्षं एकाच शाळेत राहून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. काका खिडकीशी येऊन भिंतीला सांगायचे, मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणा. सर फळ्याला सांगायचे, येतो म्हणा. आणि सरांचं उत्तर फळ्यावर उतरणार, नेमक्या त्या क्षणी काका घंटा द्यायचे.

सायकलीचं मला फारसं आठवत नाही. जुनी गोष्ट आहे. तू आपली आभार मानून मोकळी हो आणि त्या सायकलीबद्दल गावात विचारत फिरू नकोस. दहावीचं वर्ष आहे तुझं.

आमचं तांदळाचं दुकान बरं चाललंय. वहिनीला सांग, लोणचं संपलं.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, ही विनंती.
तुझी,
मंजूआत्या

---

नवेगाव बांध, दि. १६ डिसेंबर २०२४

कु. टीना खुशाल रहांगडाले हीस आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लाल शाईने तपासून सोबत परत पाठवीत आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका अकरा.

मी 'ज्ञानाचा अथांग सागर' नाही. मी तलावाच्या काठी राहतो, मला खोली कळते. 'आपण माझ्या जीवनाला दिशा दिली' हे विधान असत्य आहे. मी निवृत्त झालो तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. हा मजकूर गाईडमधून घेतला असल्यास गाईड बदल.

मात्र शेवटी तू लिहिले आहेस : 'सर, खरं म्हणजे मला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही, तुम्ही आलात तर कळेल.' या एका वाक्यासाठी चार गुण. दहापैकी चारच.

मेळाव्याला येता येणार नाही. तुमच्या गावात एक माणूस आहे. त्याच्यासोबत मी चौदा वर्षे एका डब्यात जेवलो. माझी सायकल हरवली तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहता सांगितले, की मी काही पाहिले नाही. नक्कल करणारी पोरे मी आयुष्यभर पकडली. खोटे मला ओळखू येते. महिन्याने ती सायकल दवनीवाड्याला त्याच्याच सोयऱ्याच्या तणसात, भाताच्या पेंढ्याच्या ढिगात, निघाली. सायकलीचे दुःख मला तेव्हाही नव्हते.

अभ्यास कर. उत्तर लिहिल्यास ऱ्हस्व-दीर्घ पाहून लिही.

हितेच्छू,
मु. ल. बिसेन

---

नाशिक, दि. २३ डिसेंबर २०२४

चि. टीनास आशीर्वाद.

सरांच्या पत्राची झेरॉक्स आणि तुझं पत्र मिळालं. 'आत्या, सुकरामकाका चोर होते का गं?' हे तुझं वाक्य वाचलं आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मी आत जाऊन बसले.

नाही. काका चोर नव्हते. सायकल मी लपवली होती.

डिसेंबर अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी बीजगणिताची परीक्षा होती आणि माझं पुस्तक कोरं होतं. संध्याकाळी सर ओसरीवर आले असते, तर आमच्या आबांपुढे माझी शोभा झाली असती. सायकल नसेल तर सर फिरणार नाहीत, एवढीच माझी अक्कल. मधल्या सुट्टीत मी घंटेजवळून सायकल ढकलत नेली आणि शाळेमागच्या तणसाच्या ढिगात खुपसली. परीक्षा झाली, की काढून ठेवणार होते.

त्याच दुपारी तणसाच्या मालकानं ढीग विकला. बैलगाडी भरून सगळं तणस गेलं आणि त्यासोबत सायकलही गेली. सकाळी मी शाळेमागे गेले, तर तिथं मोकळी जागा आणि चार कोंबड्या.

पुढे ती काकांच्या सोयऱ्याकडे निघाली. काकांना लेखी ठपका मिळाला. सगळ्या शाळेदेखत ते मान खाली घालून उभे होते आणि मी तिसऱ्या ओळीत उभी होते. तोंड उघडलं असतं तर आबांनी शाळा सोडवली असती, अशी मी माझी समजूत घातली. मग लग्न झालं, मग फार उशीर झाला, असं म्हणत सव्वीस वर्षं गेली. तुमच्या मॅडमना म्हणावं, आभार मानायच्या आधी काही लोकांना वेगळंच पत्र लिहावं लागतं.

सरांना आज सगळं लिहून स्पीड पोस्टनं पाठवलं. काकांना वाचता येत नाही. हे पत्र त्यांना तू वाचून दाखव. एक शब्दही गाळू नकोस, कोंबड्यासुद्धा.

यानंतरही तुझा लोभ उरला, तर तो मी जपून वापरेन.
तुझी,
मंजूआत्या

---

हिरडीटोला, दि. १३ जानेवारी २०२५

ती. मंजूआत्यास,
टीनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. ते जाळं विणतच राहिले. कोंबड्यांपाशी हसले. पत्र संपल्यावर म्हणाले, "मले ठाऊक हाये."

आत्या, काकांनी तुला पाहिलं होतं! घंटेच्या ओट्यावरून. पोरीची मस्करी आहे, शाळा सुटल्यावर काढून ठेवू, असं त्यांनी ठरवलं. पण ते गेले तोवर गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, की जो सापडेल त्याला बोर्डाच्या परीक्षेला बसू देणार नाही. तेवढ्यात सरांनी विचारलं, सुकराम, तू कोणाला पाहिलंस काय? मग काका काय सांगणार होते? मी विचारलं, निदान सरांना एकट्यात का नाही सांगितलं? तर म्हणाले, "मास्तरले खोटं बोलता येत नाही. त्यानं लगेच जाऊन सांगतलं असतं. आन् मंग त्यानं मलेच चोर म्हणलं, त मी काऊन सांगू?"

आता काल काय झालं ते वाच. सर आले! कोहमाऱ्याला बस बदलून, पांढरा शर्ट, खिशात तुझं पत्र. पटले मॅडमना काही माहीत नव्हतं, त्यांनी दोघांच्या खुर्च्या शेजारीशेजारीच मांडलेल्या. मी मागे उभी. दहा मिनिटं दोघं समोर पाहत बसले. मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, सुकरामला सांग, माझी चूक झाली. मी सांगितलं. काका म्हणाले, सरांना सांग, ऐकू आलं नाही. मी सांगितलं. सर जरा मोठ्यानं बोलले. काका म्हणाले, म्हातारा झालो, कान गेले. आत्या, त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत!

सर उठले. मला वाटलं, चालले घरी. ते थेट स्टेजवर गेले, हेमेंद्रचं आभाराचं भाषण चालू होतं, त्याच्या हातातून माइक घेतला आणि सगळ्या गावापुढे म्हणाले, "सुकराम, मी गणित मांडायच्या आधीच उत्तर लिहिलं. मी चुकलो." काका खुर्चीतून ओरडले, "आता आलं ऐकू!" सगळे हसले. पटले मॅडम हसता हसता रडायला लागल्या आणि हेमेंद्रचं भाषण कायमचं राहिलं, त्याबद्दल त्यानंच सरांचे आभार मानले.

सर काल परत गेलेच नाहीत. काकांकडे आहेत.

तुझ्यासाठी काकांचा निरोप : "कागदावरची माफी मले वाचता येत नाही. तिले म्हणा, इथं ये." तेव्हा तिकीट काढ.

कळावे. लोभ शाबूत आहे, थोडा धाक मिसळलाय.
तुझी,
टीना

---

नाशिक, दि. ४ फेब्रुवारी २०२५

चि. टीनास आशीर्वाद.

सुखरूप पोचले. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, माहेरी सगळं ठीक ना? मी हो म्हटलं आणि रडायला लागले, तेव्हा तिनं मला अख्खं संत्रं सोलून दिलं.

काकांनी तुला दाराबाहेर ठेवलं आणि तू भिंतीला कान लावून उभी होतीस, हे आम्हाला तिघांनाही कळलं होतं. तुझ्या पैंजणांचा आवाज येतो. पण हलक्या आवाजातलं तुला ऐकू आलं नसेल, आणि स्टेशनवर सांगायला वेळ मिळाला नाही. म्हणून हे पत्र.

मी गाडीत भाषण पाठ केलं होतं. काकांचे पाय धरले आणि पहिल्याच वाक्यात अडकले. त्यांनी मला उठवलं, पाटावर बसवलं, काकूंना चहा ठेवायला सांगितला. सर खास नवेगावहून आले होते, ते खाटेवर चष्मा पुसत बसले. मी पुन्हा सुरुवात केली, की काका, तुम्ही माझ्यासाठी एवढं सोसलंत, त्या ठपक्यानं तुमची बढती गेली, तुमचा मित्र गेला, आणि मी साधा एक शब्द...

काकांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, ते सोड, मले एकच गोष्ट विचाराची हाये. सव्वीस वर्षांपासून विचारीन म्हणून राहिलो. तुले बोर्डात किती टक्के पडले?

मी खाली पाहिलं. म्हटलं, एकेचाळीस.

काकांनी मान डोलावली. मग विचारलं, आणि गणितात?

म्हटलं, पस्तीस. काठावर.

सरांनी चष्मा काढून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काका त्यांच्याकडे वळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "पाहून राहिला ना मास्तर? याच्यासाठी मी चूप बसलो."

मग जो हसण्याचा आवाज तुला बाहेर आला, तो आधी काकांचा, मग सरांचा. माझा त्यात नव्हता. मला हसू यायला परतीच्या गाडीत नागपूर ओलांडावं लागलं.

तुझी,
मंजूआत्या