जास्वंदीच्या मुळाशी चुना

अहो,

कागदावरसुद्धा तुमचं नाव लिहायला हात धजत नाही, तेव्हा एवढंच पुरे. तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एका घरात राहणाऱ्यांनी पत्रं कशाला लिहायची? आज लिहिते आहे, कारण उद्या मी आपल्या लीलेला घेऊन कायमची कोरेगावला जाणार होते, आणि आता जाणार नाही. हे तुमच्या कानावर घालावं असं वाटलं. फार थकले आहे हो. अक्षर वाकडं आलं तर हसू नका.

तुम्ही गेल्यापासून सगळे मला सांगतच आहेत. काय खावं, कुठं बसावं, किती रडावं! मी मान डोलावत राहिले. नाही म्हणायलासुद्धा अंगात बळ लागतं, ते नव्हतं.

आणि त्यात तुमची जास्वंद पिवळी पडली. न्हाणीच्या भिंतीलगतची, दुहेरी तांबड्या फुलांची. हळदपेठेतलं दिवाणजीचं काम आटोपून आलात की पाय धुण्याआधी तुम्ही तिच्यापाशी उभे राहायचात. एकेक पान उलटं करून बघायचात. मला किती राग यायचा! माझ्याशी बोलायला जेवणाचं ताट पुढं यावं लागायचं.

एक गोष्ट अजून मनातून जात नाही. त्या झाडाचं एक पान आकसलं तरी तुमचा जीव खालीवर व्हायचा. मग स्वतःला ताप भरला तेव्हा ‘काही नाही, पेठेतला धुरळा बाधला’ असं का म्हणालात? विषमज्वर आहे हे डॉक्टरांनी सांगितलं तोवर तुम्ही मला ओळखेनासे झाला होता. थोडं आधी बोलला असता तर?

असो. झाडाचं सांगते.

आधी मला वाटलं, पाण्यावाचून सुकतंय. कळशीवर कळशी ओतली. खालची पानं आणखीच गळाली. मग शेजारच्या तानूबाईंनी पानांच्या पाठीवरचा मावा दाखवला. काळे मुंगळे फांदीवर ये-जा करत होते. “तंबाकूचं पानी मार, बाई. आन् मीठ-मोहऱ्या बी ओवाळून टाक. दिष्ट हाय ही,” त्या म्हणाल्या. राकेल मारावं तर ते कंट्रोलात, घरापुरतंही मिळेना. मी तंबाखू भिजवून शिंपडली, मीठ-मोहऱ्याही ओवाळल्या. मावा गेला, मुंगळे गेले, पिवळेपणा तसाच राहिला.

काल धाकटे भाऊजी कोरेगावहून आले. घराला भाडेकरू त्यांनीच बघितला, भिंतींना सफेदीही त्यांनीच करून घेतली होती. वाईट मनानं नाही हो. तुमच्यामागं आमचं कसं होईल ही काळजी त्यांना खरीच आहे.

“वयनी, भांडीकुंडी बांधून ठेवा. परवा गाडी आनतो,” ते म्हणाले. “आन् ह्ये झाड बी काढून टाकतो. वाळलंच हाय, भाडेकरूला सायकल लावाय जागा हुईल.”

लीला दारातून म्हणाली, “काका, तिथं माझी शाळा?”

“चौथी झाली न्हवं? लय झालं पोरीच्या जातीला.”

ती आत गेली. दप्तराचं फडकं घडी करून तिनं फडताळात ठेवलं. रडली असती तर बरं झालं असतं!

मी उठून झाडापाशी गेले. भाऊजी कुऱ्हाड शोधत होते आणि मी, निदान एकदा नीट बघावं, म्हणून तुमच्यासारखी पानं उलटीपालटी करू लागले. तुम्ही एकदा लीलेला समजावत होता, मी आतून ऐकलं होतं. जुनं पान पिवळं पडलं तर फार घाबरायचं नाही. शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की माती बघायची. शेंड्याला तस्संच दिसत होतं! मी खुरपं घेतलं. बोटभर माती खरवडली तर खाली पांढरी खपली लागली.

“भाऊजी, सफेदीचा चुना कुठं भिजवला होता?”

“हितंच की. पानी जवळ म्हनून. पिंपं धुऊन बी हितंच वतली.” मग त्यांनी माझ्या हातातला खडा बघितला आणि तो बोटांत चुरला. “म्हंजी दादाचं झाड म्यांच मारलं व्हय?”

“मेलं नाही अजून. कुऱ्हाड राहू द्या.” आणि त्याच दमात माझ्या तोंडून निघून गेलं, “मी कोरेगावला येत नाही.”

माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

“आवं, एकल्या कशा ऱ्हानार?”

“भाडेकरूला पुढची खोली द्या. आम्ही मायलेकी मागच्या खोलीत राहू. पोलकी शिवून घ्यायला बायका आत्ताही माझ्याकडे येतात. लीलेची शाळा सुटणार नाही. तुम्ही सगळं ठरवलंत भाऊजी, मला एकदा विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.”

भाऊजींनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, “घमेलं कुटं हाय?”

आम्ही दोघांनी चुन्याची माती उकरून काढली. भाऊजींनी कृष्णाकाठचा गाळ डोक्यावर वाहून आणला, शेणखत मिसळलं. चुन्याचा जोर उतरावा म्हणून मी आंबट ताकाचं पाणी घातलं. वाळल्या फांद्या छाटल्या, निम्मं झाड गेलं. जाताना ते म्हणाले, “जड गेलं तर सांगा, वयनी. लाजू नगा.” त्यांचे डोळे अगदी तुमच्यासारखे दिसले.

जास्वंद अजून पिवळीच आहे. जगेल की नाही, कुणास ठाऊक. भाऊजींना वाटतं मी तिच्यासाठी राहिले. तुम्हालाही तसंच वाटेल, म्हणून स्पष्ट सांगते. ती जगली तर तिला पाणी घालीन. नाही जगली, तरी मी इथून हलणार नाही. लीलेला पुढं शिकवीन, ती स्वतः पुरे म्हणेपर्यंत. हे माझं वचन.

आता दिवे लावते. पाठ फार दुखते आहे.

तुमचीच,
इंदू