फुगोबाचे दात

भाड्याची खोली,
रविवार, ६ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालतो, कारण तसं नसतं तर दादाने तार करून माझ्यावरच खापर फोडलं असतं. त्याला सांग, कॉलेजचं विचारायचं असेल तर स्वतःचं पत्र लिहावं. तुझ्या पत्राच्या तळाशी दोन ओळी घुसवू नयेत. सरांनी भर परीक्षेत माझ्यावर कॉपीचा आळ घेतला, मी उत्तरपत्रिका त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो. माझ्यापुरता विषय तिथे संपला.

आता कामाविषयी. माशांच्या दुकानातून मला लोकांकडच्या टाक्या साफ करायला पाठवतात. त्यातली एक चष्म्याच्या दुकानात आहे, खाऱ्या पाण्याची. आत जिवंत प्रवाळ, काचेवरचं शेवाळ खायला गोगलगाई, उरलंसुरलं वेचायला लाल पट्ट्यांच्या कोळंब्या. दुकान एका मुलीचं आहे. तीच डोळे तपासते, तीच चष्म्याच्या काचा घासून बसवते. मी तिच्याकडून दोनदा डोळे तपासून घेतले. दोष काही नाही, असं तिने दोन्ही वेळा सांगितलं.

गेल्या आठवड्यात तिने त्या टाकीत एक पफर सोडला. बटाट्याएवढा मासा, डोळे मोठे, तोंड चिमुकलं. घाबरला की पाणी गिळून चेंडूसारखा फुगतो. मी त्याचं नाव फुगोबा ठेवलं. आमच्या मालकांनी तिला बजावलं होतं की हा प्राणी कवचाचं जे दिसेल ते फोडून खातो, प्रवाळाच्या टाकीत त्याचं काम नाही. ती म्हणाली की उन्हाळ्यापर्यंत बघू. त्याने बाकीच्यांना त्रास दिला तर परत न्या. तोवर मी आठवड्यातून एकदा येण्याऐवजी एक दिवसाआड येऊन त्याच्यावर लक्ष ठेवायचं. म्हणजे फुगोबा आहे तोवर एक दिवसाआड. काय ते तू समजलीसच.

तो गोगलगाई खातो. पहिल्या दिवसापासून खातो. ती गिऱ्हाइकात असली की मी रिकामे शंख उचलतो आणि आमच्या दुकानातल्या गोगलगाई त्यांच्या जागी ठेवतो. तिला पत्ता नाही.

लोभ आहेच, फक्त हे पत्र दादापासून लपव.

तुझा धाकटा दीर


घर,
सोमवार, १४ नोव्हेंबर

चि. काडेपेटीस,
अ. उ. आ.

डोळे ठणठणीत असताना ते दोनदा तपासून घेणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. तिसऱ्यांदा जाऊ नकोस, ती मेंदू तपासायला पाठवेल.

पत्र लपवलं होतं. पण मी हसत होते म्हणून तुझ्या दादाने कारण विचारलं, आणि मग मला वाचून दाखवावंच लागलं. तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता. पान मात्र एकदाही उलटलं नाही.

आईंनी नवी कवळी करून आणली आहे. सध्या आरशासमोरून हलत नाहीत. शेजारच्या काकू आल्या की मुद्दाम हसतात.

तुझ्या गोगलगाईंचं मला काही पटलं नाही. तिने त्या माशाला ठेवून घ्यावं म्हणून तू तिला फसवतो आहेस. माशाला त्यातलं काही कळत नाही, पण तिला कळेल. इथे होतास तेव्हा पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडताना तुझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. मग एका मुलीशी दोन वाक्यं बोलताना घशाला काय होतं?

जेवत जा. माया आहे म्हणून बोलते, नाहीतर मला काय पडलंय.

तुझी वहिनी


भाड्याची खोली,
मंगळवार, २८ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव. माझ्याकडे लिहिण्यासारखं चांगलं होतं तेव्हा लिहायला सवड नव्हती.

गोगलगाईंची अदलाबदल मी डिसेंबरातच बंद केली. उपाय सापडला होता. फुगोबाचं पोट सतत भरलेलं असलं तर तो कशाला कोणाच्या वाटेला जाईल? म्हणून मी त्याच्यासाठी कोळंबी सोलून, बारीक करून, मऊ मऊ तुकडे चिमट्याने भरवायला लागलो. मी दिसलो की तो काचेपाशी येऊन शेपूट हलवायचा. त्यानंतर एकही गोगलगाय गेली नाही. ती गिऱ्हाइकांना अभिमानाने दाखवायची की बघा, पफर आणि प्रवाळ एकत्र नांदतात, आणि याचं श्रेय या मुलाला आहे. या मुलाला म्हणजे मला.

गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक मासा फुगावा म्हणून काचेवर बुक्के मारत होतं. मी त्याची कॉलर धरली. तिने मला त्याची माफी मागायला लावली आणि तो जाईपर्यंत दुकानाबाहेर उभं केलं. मी उभा राहिलो. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, तुला माहीत आहे.

त्या दिवसापासून फुगोबा खात नाही. जवळ येतो, तुकडा तोंडाला लावतो, सोडून देतो आणि दगडाआड जाऊन बसतो. पाणी तपासलं, मीठ तपासलं, सगळं जागच्या जागी आहे. मला वाटतं त्या प्रकाराने त्याचं मन उडालं. माझा अपमान त्याने पाहिला होता. तो रुसलाय. मलाही जेवण जात नाही. तो गेला तर मी तिला तोंड दाखवणार नाही.

लोभ कमी झाला असेल तर आता वाढव.

तुझा दीर


घर,
शनिवार, ४ मार्च

चि. काडेपेटीस,
अ. उ. आ.

रागवायला वेळ नाही, म्हणून मुद्द्याचं लिहिते.

आईंच्या नव्या कवळीचं कळवलं होतं ना? पुढचं कळवलं नाही, कारण तुला वाईट वाटलं असतं. आठच दिवसांत त्यांनी जेवण सोडलं. भूक नाही म्हणायच्या. घास तोंडाजवळ न्यायच्या आणि ताट सरकवायच्या. तुझा दादा म्हणाला की धाकट्याने कॉलेज सोडलं त्याचा हा धक्का आहे, आई मनातून खचली आहे. त्याने तुला चांगलं खरमरीत पत्रही लिहायला घेतलं होतं. काकू येऊन आईंची समजूत घालून गेल्या. शेवटी मी त्यांचं तोंड उघडून बघितलं. कवळी हिरडीला बोचत होती, जखम झाली होती. एवढा तोरा मिरवल्यावर आता तक्रार कुठल्या तोंडाने करायची, म्हणून गप्प बसल्या होत्या. दातांच्या डॉक्टरांकडून कवळी घासून घेतली आणि त्याच संध्याकाळी आईंनी दोनदा वाढून घेतलं. तुझं नावसुद्धा काढलं नाही.

तेव्हा न खाणं वेगळं आणि खाता न येणं वेगळं. माशाचं मन बाजूला ठेव, आधी त्याचं तोंड बघ.

आणि तू जेव. तुझे दात शाबूत आहेत.

माया आहे तशीच आहे.

तुझी वहिनी


भाड्याची खोली,
शुक्रवार, १० मार्च

ती. वहिनीस,
साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखरचा.

तोंड बघितलं. इतके महिने मी त्याच्या डोळ्यांकडेच बघत होतो. त्याचे वरचे आणि खालचे दात पोपटाच्या चोचीसारखे वाढून एकमेकांवर चढले होते. मधे नखाएवढी फट उरली होती.

मालकांना विचारलं. ते म्हणाले की पफरचे दात जन्मभर वाढतात, शंख फोडून फोडूनच झिजतात. त्याला सोललेलं कोणी घातलं? मी घातलं, असं सांगितलं. दात कापले नाहीत तर हा उपाशी मरेल, असं ते म्हणाले. त्यांचा हात आता थरथरतो. कसं कापायचं ते त्यांनी मला नीट समजावलं आणि सोबत कोणीतरी मासा धरायला लागेल म्हणाले.

म्हणून मला तिला सांगावं लागलं. गोगलगाईंपासून सगळं सांगितलं. ती एका भिंगावरून फडकं फिरवत ऐकत होती. मग म्हणाली की तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिच्या गोगलगाईंच्या पाठीवर कंगोरे होते, माझ्या गुळगुळीत होत्या; दिवसभर बारीक बघायचंच काम करणाऱ्या माणसाला एवढं दिसतं. गप्प का राहिली, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं. बादलीत टाकीतलंच पाणी घेतलं, त्यात माशाला गुंगी यावी म्हणून लवंगेच्या तेलाचे थेंब घुसळले. फुगोबाला भांड्याने पाण्यासकट उचललं, कारण हवेत काढला तर तो हवा गिळून फुगतो आणि मग ती हवा त्याला सोडता येत नाही. थोड्या वेळाने तो आडवा झाला. तिने त्याला पाण्याखालीच ओल्या हातात धरलं. चष्म्याच्या तारा कापायची बारीक पकड तिच्याकडे होती, ती उकळून घेतली होती. माझे हात तिच्या हातांना लागत होते, पण खरं सांगतो वहिनी, त्या वेळी मला फक्त दात दिसत होते. दोन तुकडे वर, एक खाली. मग त्याला स्वच्छ पाण्यात पंपाच्या धारेसमोर धरून ठेवलं. कल्ले हलायला लागले. तो सरळ झाला आणि दगडाआड गेला.

हात पुसताना ती म्हणाली की माझ्या डोळ्यांत दोष नाही हे तिने लिहून दिलं होतं, ते आता परत घ्यावं लागेल. मग म्हणाली की याला शंख हवेत आणि इथल्या गोगलगाई जगायला हव्यात, तेव्हा हा इथे राहू शकत नाही. पुढच्या रविवारी त्याची सोय करते.

म्हणजे एक दिवसाआड संपलं.

तुझा दीर


घर,
मंगळवार, १४ मार्च

चि. काडेपेटीस,
अ. उ. आ.

पत्र घाईत टाकते, रविवारच्या आत पोचलं पाहिजे. मासा जायचा तो जाईल. तू मात्र बोलल्याशिवाय परत येऊ नकोस. फार सजवून बोलू नकोस, तुला ते जमत नाही. आवाज चढवू नकोस, ते तुला नको इतकं जमतं.

तुझा दादा म्हणाला की पकड धरताना पोराचा हात हलला नाही म्हणजे कमाल आहे. कॉलेजचा उल्लेख न करता तो तुझ्याविषयी एवढं बोलला, याची नोंद घे.

आशीर्वाद या वेळी जरा जास्त धाडते.

तुझी वहिनी


भाड्याची खोली,
शुक्रवार, २४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रविवारी गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाक्य ठरवून नेलं होतं. मी एक दिवसाआड येत होतो ते नुसतं टाकीसाठी नव्हतं, इथपर्यंत म्हणून झालं.

ती म्हणाली की हो, तिला ते कधीच कळलं होतं. मग मला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे एक जुनी टाकी घासून पुसून ठेवली होती. पंप, दिवा, मिठाची पिशवी, झाकण, सगळं बांधून तयार. तिच्याच टाकीतलं पाणी आणि दोन दगड वेगळे काढले होते, म्हणजे त्याला परकं वाटायला नको. ती म्हणाली की माशावर इतका जीव लावणारं माणूस तिने आजवर पाहिलं नाही. त्याला परत पाठवतील म्हणून मी गोगलगाई बदलत होतो, त्याच्यासाठी गिऱ्हाइकाची कॉलर धरली. म्हणूनच ती महिनोन् महिने गप्प राहिली, मला त्याच्यापासून तोडायचं तिच्या जिवावर आलं होतं. आता तो माझा.

तिचा चेहरा फार आनंदात होता. मी उरलेलं वाक्य बोललो नाही. आभार मानले. राग आला नाही. घरी येईपर्यंत मी त्याची वाट पाहिली, तरी आला नाही.

टाकी माझ्या टेबलावर आहे. टेबल एका बाजूला कलत होतं, म्हणून पायाखाली अर्थशास्त्राचं पुस्तक सारलं आहे. दादाला सांग, पुस्तक फेकून दिलेलं नाही, उपयोगात आहे.

काल फुगोबाला गोगलगाय टाकली. त्याने ती एका डोळ्याने पाहिली, मग दुसऱ्या डोळ्याने, आणि फोडली. सुपारी फुटावी तसा आवाज झाला. घरमालकांनी दाराबाहेरून काय पडलं म्हणून विचारलं. मग मीही जेवायला बसलो.

आईच्या कवळीला नमस्कार सांग. बाकी सगळ्यांवर लोभ आहे, दादावरसुद्धा.

तुझा दीर

ता. क. आता चष्म्याच्या दुकानात मी फक्त गुरुवारी जातो. काल गेलो होतो. तिने फुगोबाची चौकशी केली, नीट खातो का, कुठे झोपतो, मला ओळखतो का. माझी केली नाही. मी सगळं सविस्तर सांगितलं.