भावाजवळ बसायला माणूस मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
दिव्यांग व कुटुंब सहाय्य विभाग,
दुसरा मजला (लिफ्ट बंद आहे).

विषय : माझ्या पोटाच्या ऑपरेशनच्या दहा दिवसांत माझ्या भावाजवळ बसण्यासाठी माणूस मिळणेबाबत. अर्ज तिसरा.

संदर्भ : आपल्या विभागाचे 'अर्ज अमान्य' असा शिक्का असलेले पत्र. शिक्का उलटा मारलेला आहे, पण वाचता येतो.

महोदय,

१. मी अर्जदार, वय छप्पन्न, धंदा शिवणकाम, सविनय सादर करते की माझ्या घरात मी आणि माझा धाकटा भाऊ असे दोघेच राहतो. भाऊ त्रेचाळीस वर्षांचा आहे. जन्मापासून त्याचे हातपाय त्याचे ऐकत नाहीत आणि तो माझे ऐकत नाही. बोलायला त्याच्याकडे 'चल', 'नको' आणि 'परत' असे तीनच शब्द आहेत, पण तेवढ्यात तो अख्खे घर चालवतो. दिवसभर खुर्चीत बसून हुकूम सोडतो म्हणून लहानपणापासून त्याला सगळे 'साहेब' म्हणतात. यापुढे या अर्जात जिथे जिथे साहेब असे येईल तिथे तो माझा भाऊ समजावा. आपण स्वतःवर ओढवून घेऊ नये.

२. साहेबांना खुर्चीतून खाटेवर आणि खाटेवरून खुर्चीत उचलता उचलता माझ्या पोटात लिंबाएवढी गाठ आली आहे. डॉक्टर तिला हर्निया म्हणतात. ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली, कारण तेवढे दिवस साहेबांना कोणाच्या भरवशावर सोडायचे, हे ठरेना. आता तारीख चौदा मार्च आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता पुढे ढकललंत तर गाठ अडकेल, आणि मग मी तारीख विचारणार नाही, तुम्हाला रात्री-अपरात्री उचलूनच आणावं लागेल." उचलणार कोण, असे मी विचारले. त्यांनी तारखेची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

३. म्हणून मी आपल्या विभागात पहिला अर्ज केला. खिडकी क्रमांक चारवरच्या बाईंनी तो न वाचता मला एक गुलाबी पत्रक दिले. त्यात लिहिले होते की कुटुंबीयांना विसावा मिळावा म्हणून माणूस पुरवणारे 'सोबत सेवा केंद्र' आहे, फोन करावा. मला इतका आनंद झाला की मी जिना दोन पायऱ्या सोडून उतरले, गाठ असताना.

४. घरी येऊन फोन लावला. व्यस्त. दुपारी लावला, व्यस्त. असे तीन दिवस चालले. दर वेळी व्यस्त! या संस्थेकडे केवढी गर्दी असेल, माणसे केवढी राबत असतील, असे मला वाटे, आणि खरे सांगते, मला त्यांचे कौतुक वाटू लागले. खिडकीवरच्या बाईंना विचारले तर म्हणाल्या, "लोकांना गरजच तेवढी आहे हो. सकाळी लवकर लावा." मी सकाळी सहाला लावला. व्यस्त.

५. चौथ्या दिवशी साहेब खुर्चीत बसून इतके हसायला लागले की त्यांना ठसका लागला. मी पाठ चोळते आहे आणि ते पायाने दुकानाच्या पाटीकडे दाखवताहेत. माझ्या दुकानाचे नाव 'सोबत शिलाई केंद्र' आहे, कारण साहेब कायम सोबत बसलेले असतात. पाटीवर माझा नंबर आहे. पत्रकातला नंबर तोच होता. मी तीन दिवस माझ्याच फोनवरून मलाच फोन करत होते, महोदय. आपण म्हणाल, बाईला स्वतःचा नंबर ओळखता येत नाही का? मी तो दोन-दोन आकड्यांत सांगते, पत्रकात तीन-तीनच्या गटांत छापला आहे. शिवाय आपला नंबर माणूस दुसऱ्याला सांगतो, स्वतः कधी लावतो? साहेबांना मात्र पहिल्याच दिवशी कळले होते. तीन दिवस गंमत बघत बसले. त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलले नाही.

६. चौकशी करता असे समजले की कोणीतरी धंद्यांच्या यादीतून नंबर उतरवताना एक ओळ वर सरकले. खरे सोबत सेवा केंद्र चार वर्षांपूर्वीच बंद पडले आहे. मी चूक दुरुस्त करा म्हणाले. खिडकी क्रमांक दोनवर सांगण्यात आले की दुरुस्तीसाठी केंद्राने स्वतःच्या छापील कागदावर अर्ज करायला हवा. केंद्र बंद आहे, म्हटले. "मग त्यांना तसं लेखी कळवायला सांगा," म्हणाले. मी हात टेकले.

७. दरम्यान लोकांचे फोन सुरू झाले. पहिल्या दोघांना मी 'राँग नंबर' म्हणून सांगितले. तिसरी एक आई होती. तिची एकोणीस वर्षांची मुलगी दार उघडे दिसले की पळत सुटते, आणि त्या बाईने सात वर्षांत एकटीने दाराबाहेर पाऊल टाकलेले नव्हते. मी राँग नंबर म्हटले. ती म्हणाली, "बरं. पण ठेवू नका हो लगेच." मी कशी ठेवणार? पुढे एक हमालदादा आले, त्यांचे वडील लकव्याने पडून आहेत. एक बेकरीवाले आले, त्यांच्या बायकोची दृष्टी वर्षभरात गेली. आपल्या विभागाने त्या सर्वांना गुलाबी पत्रक दिले होते.

८. मला सेवा वगैरे काही येत नाही, शिवण येते. तेव्हा मी बेकरीवालीच्या कपड्यांना आतून बटणे लावून दिली, निळ्याला एक, पांढऱ्याला दोन, म्हणजे रंग बोटांना कळावा. हमालदादांच्या वडिलांसाठी जाड कापडाचा, चार मुठींचा उचलायचा पट्टा शिवला. खुर्चीतल्या माणसाची पँट मागून उंच आणि पुढून आखूड कापावी लागते, नाहीतर कंबर उघडी पडते, हे साहेबांमुळे मला तीस वर्षे माहीत आहे. ते मी विचारील त्याला सांगू लागले. मग एकाचा नंबर दुसऱ्याला दिला. हमालदादा मंगळवारी मोकळे असतात, ते पळणाऱ्या मुलीबरोबर मैदानावर पळतात. त्या वेळात तिची आई हमालदादांच्या वडिलांना पेपर वाचून दाखवते. ती पहिल्यांदा एकटी रस्त्याने चालत दुकानापर्यंत आली तेव्हा दारात उभी राहून रडली. मीही रडले. साहेब 'नको, नको' म्हणून ओरडले, कारण त्यांना रडारड चालत नाही.

९. यावर आपल्या विभागाला जाग आली. निरीक्षक आले. त्यांनी तक्रारपेटी कुठे आहे, प्रतीक्षा कक्ष कुठे आहे, असे विचारले. मी त्यांना शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर बसवले आणि हाच कक्ष, आणि तक्रारी मी तोंडी ऐकते, असे सांगितले. त्यांनी अहवालात 'उपस्थित कर्मचारी : तीन' असे लिहिले. एक मी. दुसरे साहेब. तिसरी कोपऱ्यातली कपडे अडकवायची पुतळी. तिच्या गळ्यात मोजपट्टी होती, म्हणून ती कामावर असावी, असा निरीक्षकांचा समज झाला. शेऱ्यात 'एक कर्मचारी अबोल, सौजन्य वाढवावे' असे आहे.

१०. आणि मग, पत्रक चुकीचे निघाल्यावर मी माणसासाठी केलेल्या दुसऱ्या अर्जाला आपले उत्तर आले : 'अर्जदार स्वतः सेवा पुरवठादार असल्याचे आढळल्याने लाभार्थी म्हणून अपात्र.' महोदय, हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक दुरुस्त करायला आले तेव्हा मी केंद्र नव्हते. मदत मागायला आले तेव्हा मी केंद्र झाले. उद्या मी मेले तर आपण कोणाला बंद झाल्याचे कळवायला सांगाल? रागाच्या भरात लिहिले आहे, पण खोडत नाही.

११. आपल्या विभागावर पाणी सोडून मी सगळ्यांना फोन केले. अर्ध्या दिवसात दहा दिवसांच्या पाळ्या भरल्या. पुढचा महिनाभर सकाळ-संध्याकाळ साहेबांना उचलायलाही हमालदादा येणार आहेत. फक्त एक जागा रिकामी राहिली आहे : गुरुवार, सतरा मार्च, दुपारी दोन ते सहा. कारण असे की त्या दिवशी नेमक्या त्याच वेळी आपण या सर्व कुटुंबांना फेरतपासणीसाठी बोलावले आहे. लकवा गेला का, दृष्टी आली का, हे पाहायला. गैरहजर राहिल्यास प्रमाणपत्र रद्द होईल, असे नोटिशीत आहे. साहेबांची तपासणी गेल्या वर्षी झाली. ते बरे झालेले आढळले नाहीत.

१२. त्या चार तासांसाठी मी शेजारी, लांबचे नातेवाईक आणि दोन जुनी गिऱ्हाइके यांना विचारून पाहिले. कोणी म्हणाले जमणार नाही, कोणी म्हणाले भीती वाटते. मी दवाखान्यात पोटाला टाके घेऊन पडलेली असणार, आणि साहेब घरात एकटे, हे मला सहन होणार नाही. चार तास म्हणजे काय? त्यांना तहान लागली तर पेला उचलता येत नाही, एवढे आहे ते. ती जागा भरली नाही तर मी चौदा तारखेला जाणार नाही. मलाही मरायची भीती वाटते, महोदय, पण त्याहून ही जास्त वाटते.

१३. खिडकी क्रमांक चारवरच्या बाईंकडून असे समजते की तपासणी डॉक्टर करतात आणि आपली सही दुसऱ्या दिवशी लागते. म्हणजे गुरुवारी दोन ते सहा आपण मोकळे आहात.

तरी विनंती की आपण यावे.

काम अवघड नाही. उचलायचे नाही, ते आधीच खिडकीशी बसलेले असतील. पाणी नळीने द्यावे, दर तासाला, न मागता. मोठ्याने बोलू नये, त्यांना ऐकू येते. त्यांच्याविषयी काही विचारायचे असेल तर त्यांनाच विचारावे, पुतळीला नाही. पत्ते लाकडी फळीच्या खाचेत उभे करून ठेवले आहेत, कोणते टाकायचे ते पायाने दाखवतात. मुद्दाम हरण्याची गरज नाही, ते लबाडी करून आपोआप जिंकतात. 'चल' म्हणाले तर खुर्ची दारापर्यंत न्यावी, रस्ता बघायचा असतो. फोन वाजला तर उचलावा, गुलाबी पत्रक मिळालेले कोणीतरी असेल. पलीकडचा माणूस बराच वेळ काही बोलणार नाही. घाई करू नये, तो तिथेच असतो.

साहेबांना मी विचारले, एक अनोळखी अधिकारी येतील, चालेल का? त्यांनी आपले पत्र पुन्हा वाचून दाखवायला लावले. मग पायाने पत्त्यांच्या फळीकडे दाखवले आणि 'चल' म्हणाले.

उरल्यासुरल्या नम्रतेने आपली,

(सही)
सोबत शिलाई केंद्रवाली
दिनांक : ७ मार्च

सोबत जोडले आहे :
डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, तारखेसह.
आपल्या पत्राची प्रत.
घराची किल्ली, एक. हमालदादांना दीड वाजता निघावे लागेल, तेव्हा कृपया दीडच्या आधी पोहोचावे.