सोडून गेलेलं माणूस परत आलं तर

डोळखांबच्या वरचा पाडा,
ता. २६ जुलै, रविवार

माझ्या लाडाच्या हर्षालीला आजी सावळीचा आशीर्वाद, डोक्यावर हात ठेवून दिला असं समज.

मी बरी हाय. गुडघा कुरकुरतो, पण तो तू इथं होतीस तेव्हाही कुरकुरायचा. काळी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय. तुझी खुशाली फोटोवरनं कळली. गाल भरलेत. ते जाकीट अंगात असंच असू दे, चांगलं दिसत नाय तरी.

आणि काय गो तो फोटो! शेजारच्या भाविकानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "आजी, भिंतीवर बघ." तुझ्या केंद्राचं दार, वर झेंड्यांची रांग, आणि बाजूच्या कागदावर आपली अक्षरं. मी एकेक लावून वाचली. सा, व, ड. सावड! बेल्जमच्या भिंतीवर सावड! तुझ्याच पाटीवर शिकले मी अक्षरं, म्हणून चटकन ओळखली. भाविकाचा मोबाईल मी दुपारपर्यंत परत दिलाच नाय. रेशनच्या दुकानात गेले, दळणाला गेले, जो भेटेल त्याला दाखवला.

वाळूकाकानं विचारलं, "ते केंद्र म्हणजे काय, पोलिसांचं का?" मी सांगितलं, मोठ्या विद्यापीठातलं अभ्यासाचं केंद्र हाय. एकेकाळी एकमेकांची डोकी फोडणारे देश आता एकत्र बसून कारभार कसा करतात, आणि अख्ख्या जगाचा कारभार कुणी कसा चालवावा, ते तिथं शिकतात. सत्तावीस देश हायत.

"सत्तावीस? आणि भांडत नाय?"

"भांडतात की. टेबलावर बसून भांडतात."

तर आपली बुधी म्हणते, "मंग हर्षालीला सांग, येताना एक टेबल घेऊन ये. आपल्या नळावर ठेवू."

असं हसलो गो आमी. दुकानदारानं वजन दोनदा केलं, पैल्यांदा काय वजन झालं तेच तो विसरला.

आता तुझ्या सरांचा प्रश्न. तू मोबाईलवर आवाज पाठवलास तो मी तीन वेळा ऐकला. सावड मी तुला आधीच सांगितली होती. आज सगळ्यांनी मिळून माझ्या खाचरात भाताची लावणी करायची, उद्या तुझ्या, परवा बुधीच्या. मजुरी नाय, दिवसाला दिवस, हाताला हात. ते सरांना आवडलं, म्हणून तर भिंतीवर लागलं. पण त्यांनी पुढं विचारलं, सावडीतनं एखादं माणूस सोडून गेलं आणि परत आलं तर घेता काय? कुठल्या अटीवर?

इतकी वर्षं सावड केली, पण असं कुणी विचारलंच नव्हतं. मंग संध्याकाळी बुधीच्या अंगणात सगळ्यांपुढं तुझा आवाज लावला. वाळूकाका म्हणाला, सोडून गेलेल्याकडनं आधी एक कोंबडा घ्यावा. बुधी म्हणाली, तुला कोंबड्याशिवाय कायदा सुचत नाय. भाविकानं सांगितलं की तिकडं युरोपातपण एक देश सोडून गेलाय. कुठला म्हणून विचारलं तर म्हणे इंग्रज.

"इंग्रज?" वाळूकाका मांडीवर थाप मारून म्हणाला, "आरे ते इथनंपण गेले, तिथनंपण गेले! त्यांची सवयच हाय ती!"

हे सरांना नक्की सांग. वाळूकाकाचं नाव घालून सांग, तो वाट बघतोय.

तर हसणं झालं आणि प्रश्न तसाच ऱ्हायला. भाविका मुरबाडला दुकानात कामाला जाते ना. तिनं तो प्रश्न तिकडं चारचौघांत सांगितला. तो फिरत फिरत एका घरी पोचला.

जाताना तू मला बजावलं होतंस, आजी, तिचं नाव काढायचं नाय. मी नाव नाय काढत.

आपली लावणी गेल्या मंगळवारी होती. मला आधीपासनं घोर होता, यंदा तू नाय, ओळीत एक हात कमी. खालचं खाचर पडीक ऱ्हातं का काय असं वाटत होतं. चिखल झाला, रोपांच्या जुड्या टाकून झाल्या, आमी ओळीनं वाकलो. तू बांधाकडच्या टोकाला उभी ऱ्हायचीस, ती जागा मोकळी. मी खाली बघत लावत होते. बाजूला पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. बघते तर बांगड्यांचा हात. रोपं लावायची ती पद्धत मला ठाऊक हाय, अंगठा आत वळवून. मीच शिकवली होती, ती नवी नवरी असताना.

बुधीनं एक जुडी तिच्याकडं सरकवली. वाळूकाकाला कोंबडा आठवला नाय. मी जरा सरकले, पलीकडची जरा सरकली, ओळ झाली.

लावणीत माणूस मागं मागं जातं, मान खाली असते, कुणाचे डोळे कुणाला दिसत नाय. परत यायला त्याच्यापेक्षा बरी जागा नाय, असं मला त्या दिवशी वाटलं.

तुला राग आला असेल. म्हणूनच हे कागदावर लिहिते, भाविका फोटो काढून पाठवणार हाय. ती गोष्ट निघाली की तू फोन बंद करतेस. कागद कसा बंद करशील?

चंद्रकला आली होती, हर्षाली. तुझी आई. घे, काढलं नाव.

दुपारी बांधावर भाकरी खाल्ली. मला वाटलं रडेल, तर रडली नाय. सुकटीची चटणी मागून घेतली, आणि एवढंच विचारलं, "पोरीला तिकडं थंडी लागते का?" मी म्हटलं जाकीट हाय. तर म्हणे, "डोकं झाकते का?" मला ते ठाऊक नव्हतं. फोटोत तुझं डोकं उघडंच हाय.

एक सांगते, मंग पायजे तर रागाव. तुझा बाप, माझा अनिल, वारला तेव्हा तू दुसरीत होतीस. वरसभरानं तिच्या माहेरच्यांनी मुरबाडकडं तिचा पाट लावून दिला, दुसरं लगीन. पोर बापाच्या घरी ऱ्हाणार हे दोन्हीकडची माणसं बसून ठरवून गेली, आपल्याकडं रीतच तशी. तू इतक्या लांब जाऊन शिकतेस, निर्णय कुणी घेतला आणि कुणाला विचारलं. इथलं मी तुला सांगते. तिला कुणी विचारलं नाय. ती तुला टाकून गेली नाय, तिला तुझ्यावेगळी पाठवली.

तर सरांना माझं उत्तर असं लिही. सावडीत परत येणाऱ्यानं विचारत बसायचं नाय, चिखलात उतरायचं. आणि अट येणाऱ्याला नाय, ओळीतल्यांना हाय. दोन्ही बाजूंनी जरा सरकायचं.

ऱ्हायली एक गोष्ट. ती तुझ्या जागेवर उभी ऱ्हायली, तुझ्या नावचा दिवस तिनं भरला. म्हणजे सावड तुझ्यावर चढली, माझ्यावर नाय. पुढच्या रविवारी तिच्या खाचराची लावणी हाय, तिची दोन्ही धाकटी पोरंपण असतील. बुधी आणि मी सकाळच्या जीपनं जाणार. मी माझा हात देईन. तुझा दिवस मला फेडता येणार नाय, सावडीत एकाचा दिवस दुसऱ्यानं फेडलेला चालत नाय हे तू स्वतःच सरांना सांगितलंस.

दुपारी भाकरीच्या वेळी भाविका तिथनं तोंड दिसतं तो फोन लावेल. तुझ्याकडं सकाळ असेल. उचलायचा का नाय ते तुझं, मी जबरदस्ती करत नाय, मी रागावणारपण नाय. पण उचललास तर डोकं झाकून उचल. तेवढं बघितलं तरी ती पुढल्या लावणीपर्यंत तुझी वाट बघेल.

पिल्लाचं नाव ठेवायचं ऱ्हायलंय, ते तू सांग.

ओळीत जरा सरकून उभी ऱ्हायलेली,
तुझी आजी
सावळी