सिंह आलेत!

तीर्थरूप मामांना ओत्सिलेचा, म्हणजे तुमच्या सगळ्यात भित्र्या भाच्याचा, साष्टांग नमस्कार. इकडे माऊनला मी खुशाल आहे, म्हणजे हात, पाय, डोकं जागच्या जागी आहे. तिकडे शोशोंगला पाऊस झाला का? तुमचा गुडघा काय म्हणतो? काळ्या गाईचं वासरू आता नीट पितंय ना? मामींचा खोकला, शेजारच्या म्हातारबांचं कुंपणावरून चाललेलं भांडण, चर्चचं छप्पर, सगळ्यांची चौकशी केली असं समजा. अक्षराला हसू नका. रानातून परत येऊन बरेच दिवस झाले तरी मागे मांजर शिंकलं की मी टेबलावर चढतो, आणि हे पत्र निम्मं तिथूनच लिहिलंय.

सेथुन्याबद्दल मामींनी तुमच्या कानावर घातलं असेलच. (घातलं नसेल तर आता घातलं. रागावू नका, मला आधीच पुरेशी भीती वाटतेय.) तिचे वडील गाईड आहेत. परदेशी पाहुण्यांना घेऊन ख्वाई नदीकडे जातात, तंबू ठोकतात, जनावरं दाखवतात आणि बहुतेक वेळा नेले तितकेच पाहुणे परत आणतात. त्यांनी घरात जाहीर करून टाकलंय की ज्या पोरानं कधी कापडी भिंतीआड झोप काढली नाही, त्याला मुलगी मिळायची नाही. आता मी हॉटेलात पाव भाजणारा माणूस, माझ्या भिंती विटांच्या, आणि मला त्या आवडतात. पण त्यांच्या स्वयंपाक्याची दाढ सुजली, आणि सेथुन्यानं मला न विचारताच माझं नाव सांगून टाकलं. मी म्हटलं, अगं, मला नाही जमायचं. तर म्हणाली, "मग पावाशीच लग्न कर." मामा, तुम्हाला ठाऊकच आहे, गुरांच्या वाड्यावर लांबून कोल्हा दिसला म्हणून मी तुमच्या खांद्यावर चढून बसलो होतो. (तेव्हा मी काही लहान नव्हतो, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.) तरीही गेलो. सेथुन्या दुसऱ्या कुणाच्या घरी गेली तर मी जगून तरी काय करणार, असं तेव्हा वाटलं. रानात पोचल्यावर मात्र जगण्याबद्दलचं माझं मत एकदम सुधारलं.

तुमची शिकवण मी सोडली नाही. मोठ्या माणसाला, त्यातून होणाऱ्या सासऱ्याला, नावानं हाक मारायची नाही, कुळाच्या जनावरावरूनच मारायची. आपण हत्ती, ते सिंह. तेव्हा वाटेतच घोकून ठेवलं: सिंह, चहा घेता का? सिंह, पाणी तापवू का? तेही मला "काय हत्ती" म्हणायचे, पण असे म्हणायचे की ऐकणाऱ्याला उंदीर वाटावा. पाहुण्यांत हेल्गाबाई म्हणून एक निवृत्त मास्तरीण होत्या. त्यांना ही रीत इतकी आवडली की त्याही सकाळी उठून "गुड मॉर्निंग, सिंह" म्हणायला लागल्या.

तंबूंना कुंपण नसतं, मामा. मी आधी समजलो, विसरलेत. विचारलं तर सासरे म्हणाले, "कुंपण घातलं तर जनावरं येणार कशी?" बंदूकही नाही. नदीत पाणघोडे असे हसतात की सरपंचाच्या लग्नाची वरात चाललीय, आणि आपल्याला झोपायला देतात त्या तंबूचं कापड माझ्या रविवारच्या सदऱ्याहून पातळ. पहिल्याच रात्री तरसानं माझा डावा बूट नेला. दुसऱ्या दिवशी दुपारी हत्ती आला. सासरे खुर्चीतून न उठता म्हणाले, "तुझी माणसं आलीत, विचारपूस कर." पाहुणे कॅमेरे सरसावून बसलेले, मग मी करणार काय? एका हातात पळी, एका पायात बूट, असा उभा राहून मी आपल्या कुळाची स्तुती म्हणायला लागलो. भीतीनं मधल्या ओळी विसरलो आणि पुन्हा पहिलीपासून सुरू केली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हत्तीनं शांतपणे संत्र्यांची अख्खी पेटी संपवली. सासरे एवढंच बोलले, "नातेवाईक जेवायलाच येतात."

पण हे सगळं काहीच नाही. शेवटच्या दिवशी नुकतं उजाडलं होतं. मी पावाचं पीठ मळत होतो. सासरे झुडपाआड दाढी करायला गेलेले, पाहुणे तंबूत. मी मीठ घ्यायला वळलो, तर दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या एप्रनपाशी सिंह उभा. जनावर, मामा, खरं जनावर, केसाळ, आणि ते एप्रनचा वास घेतंय, म्हणजे माझाच वास घेतंय! माझी बोबडी वळली. पळायचं नाही एवढं आठवत होतं, पण खरं सांगू का, पळायला पायच नव्हते. ओरडलो. आणि ओरडतानासुद्धा भीतीपोटी तोंडून आदरच निघाला, एवढ्या मोठ्या जनावराला अरेतुरे करायची माझी काय छाती! मी म्हटलं, "अहो, सिंह आलेत! सिंह आलेत!"

झालं. तंबूतून हेल्गाबाईंचा आवाज: "अरे वा, सिंह आले का? मग माझीही कॉफी ओत." आणि तंबूची चेन उघडायला लागली. झुडपाआडून सासऱ्यांचा आवाज: "आलो नाही अजून, येतोय. बोंबलतोस कशाला?" मी म्हटलं, "अहो सिंह, येऊ नका, इथे सिंह आलेत!" तर ते म्हणाले, "चहा चढलाय का तुला?" मी म्हटलं, "खरे सिंह! खरे सिंह आलेत!" तर हसत हसत, "मग मी काय खोटा?" असं म्हणत ते झुडपाबाहेर आले. खांद्यावर टॉवेल, तोंडभर फेस, साबण गेल्यामुळे दोन्ही डोळे गच्च मिटलेले, आणि चालले सरळ त्या जनावराच्या दिशेनं! सिंहानं मान खाली घातली. शेपूट हलायची थांबली. मामा, त्या क्षणी मला स्वतःची भीती वाटली नाही. (म्हणजे वाटली, पण ती दुसऱ्या नंबरावर गेली.) सेथुन्याला जाऊन काय सांगू, हेच डोक्यात आलं. हाक मारायला माझ्याजवळ एकच शब्द, आणि तो शब्द म्हणजे आवतण!

तेव्हा मला सासऱ्यांचं दुसरं नाव आठवलं. लहानपणी ते पोट पुढे काढून दिवसभर नदीकाठी बसायचे, म्हणून त्यांच्या आईनं ठेवलेलं. म्हातारी गेल्यापासून घरात ते नाव कुणी घेत नाही. सेथुन्यानं एकदा हसता हसता सांगितलं होतं आणि लगेच माझ्याकडून शपथ घेतली होती. मामा, मी ती मोडली. होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ओरडलो:

"बेडक्या! जागचा हलू नकोस!"

सासरे एक पाय वर तसाच ठेवून थबकले. एवढा दांडगा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा उभा. कोण ओरडलं, का ओरडलं, काही विचारलं नाही. हेल्गाबाई चेन अर्धी उघडून "बेडूक? कुठेय बेडूक?" म्हणत होत्या. मग सासऱ्यांनी हळूच टॉवेलानं डोळे पुसले, पाहिलं, पाय खाली ठेवला आणि सिंहाशी खालच्या आवाजात काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही, कानात नुसतं धडधडत होतं. सिंहानं माझा एप्रन ओढून घेतला आणि गवतात निघून गेला. मी पिठावर बसलो. उठल्यावर कळलं की पिठावर बसलो होतो.

न्याहारीला सासरे माझ्याकडे पाठ करून बसले. ज्या माणसाला बायकोसुद्धा नावानं हाक मारत नाही, त्याला मी पाहुण्यांदेखत अरेतुरे केलं, आणि तेही बेडक्या! तंबू उतरवून झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, यापेक्षा सिंह परवडला.

"मामा आहे का तुला?"

"आहेत. शोशोंगला."

"पाठव त्यांना माझ्याकडे."

बस्स. आता तुम्हीच सांगा, मी काय समजू? आपल्यात मामाला बोलावतात ते दोनच कारणांसाठी: भाच्याचं लग्न ठरवायला, नाहीतर भाच्यानं केलेल्या अपमानाची भरपाई मागायला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, अर्ध्या गालावर अजून फेस होता. मला सेथुन्या हवी आहे, मामा. तिच्यासाठी मी बिनकुंपणाचा झोपलो. आता पुढचं तुमच्या हातात.

तुमचा,
ओत्सिले

ता. क. कोट घालून या, कोटाशिवाय त्यांच्या अंगणात पाऊल ठेवू देणार नाहीत. चेहरा दोन्हीकडे चालेल असा ठेवा. आधी त्यांना बोलू द्या. ते रागावले तर माफी मागा, हसले तर मुलगी मागा.

ता. क. दोन. दारात "नमस्कार, सिंह" असंच म्हणायचं. ते दुसरं नाव चुकूनसुद्धा नाही, गमतीनंही नाही. मी तुम्हाला ओळखतो. हे वाचताना तुम्ही हसलात, आणि आत्ताही मामींना हाका मारताय.

ता. क. तीन. पाकीट चिकटवणार तेवढ्यात सेथुन्या येऊन गेली. शपथ मोडली म्हणून आधी पाठीत एक धपाटा, मग बातमी. म्हणाली, बाबा परत आल्या दिवशी जेवले नाहीत, अंगणात एकटेच बसले होते. तिनं जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाले, "आईनंतर कुणी अशी हाक मारली नव्हती. नदीवर मगर दिसली की ती अशीच ओरडायची." मग माझ्यासाठी निरोप दिला: "त्या पोराला सांग, त्या नावानं हाक मारलीस तरी चालेल. पण सिंह समोर असेल तेव्हाच."

मामा, म्हणजे पुन्हा रानात जायचंय. लवकर या.