मंगळवारची हजेरी

ता. ९ जाने. ८४, सोम.
सकाळी सायकल मारत आयटीआयच्या शहरातल्या इमारतीत. हजेरीबुक तिथे बाबूच्या कपाटात, आमची शेड तीन मैलांवर, कापसाच्या जुन्या जिनिंग मिलच्या आवारात. रोज कोण मरणार तेवढ्यासाठी? सगळे निदेशक करतात तेच केलं. टर्नर दुसऱ्या वर्षाची अख्ख्या आठवड्याची हजेरी टाइमटेबल बघून आजच भरून टाकली. मंगळ, गुरु इमारतीत थिअरी, बाकी दिवस शेडमध्ये प्रॅक्टिकल. सोळा जण, सोळाही हजर. बाबू म्हणतो, तुमची पोरं कधी आजारीच पडत नाहीत वाटतं.
प्राचार्यांना २६ तारखेशिवाय दुसरं काही सुचत नाही. नव्या इमारतीचं उद्घाटन, मंत्री, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स, आणखी दोन. आमच्या शेडचे पत्रे गळतात ते कोणत्याच कोर्समध्ये बसत नाही.

१० जाने., मंगळ.
लिहून टाकतो, नाहीतर झोप नाही.
काल दिवसभर शेडवर विजेची लाईन नव्हती. आज होती, उद्याचा भरवसा नाही. परीक्षेचे जॉब लेथवर करायचे राहिलेत, म्हणून थिअरी सोडून बॅच शेडवर बोलावली. थंडी होती. मडावी स्वेटर घालूनच लेथवर उभा राहिला. मी बघितलं होतं. काढ म्हणायचं, म्हटलं नाही. साडेदहाला समोरच्या टपरीवर चहाला गेलो. दहा मिनिटं, फार तर बारा. बाही लेथच्या फिरत्या चकमध्ये गेली.
उजव्या हाताची तीन बोटं. रुमालात बांधून त्याच्यासोबत सेवाग्रामच्या दवाखान्यात नेली. बसवता येणार नाहीत म्हणाले.
मडावी कारंज्याकडचा, गोंड. चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, बॅचमध्ये सगळ्यात मोठा. त्याचा जॉब मायक्रोमीटर लावून तपासावा आणि चूक सापडू नये, असा हात होता.

११ जाने., बुध.
प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर हजेरीबुक उघडं. मंगळवारी बॅच इमारतीत थिअरीला हजर आहे, खाली तुमची सही आहे, मग मडावी शेडमध्ये काय करत होता? मला वाटलं चिडलेत. चिडले नव्हते, वाट दाखवत होते.
वाट अशी: पोरगा वर्ग सोडून पळाला, न विचारता मशीन चालू केलं. संस्थेचा दोष नाही, माझा नाही. भरपाई द्यायला नको. फक्त बेशिस्तीसाठी त्याचं नाव पटावरून कमी होईल. म्हणजे बोटंही गेली आणि सर्टिफिकेटही. बाकीच्या पंधरा जणांना वर्षभराच्या मार्कांची आठवण करून दिलीय.
मी विचार करतो म्हणालो. त्यात विचार करण्यासारखं काय होतं कोण जाणे.

१४ जाने., शनि. संक्रांत.
घरी सुशीलाला सगळं सांगितलं. खरं बोललो तर खोट्या हजेरीबद्दल नोकरी जाईल, तेही सांगितलं. ती तीळ भाजत होती. कढई खाली उतरवली. मग म्हणाली, "सांगाचं असन तर सांगा, नसन तर नका सांगू. पण असं तोंड पाडून घरात नका फिरू."
मोठीचं लग्न ठरायचंय, हे तिने काढलं नाही. मीच मनात काढलं.

१५ जाने., रवि.
सेवाग्राम. मडावी उठून बसला होता. तिळगूळ डाव्या हाताने घेतला.
प्राचार्य शुक्रवारी येऊन गेले. जबानी लिहूनच आणली होती. उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. मॅट्रिक झालेल्या माणसाचा अंगठा.
"सर, म्या तुमचं नाव नाई घेतलं," तो म्हणाला. "साहेबाले सांगतलं, मीच क्लास सोडून गेलतो. तुमाले लेकरं हायेत."
आधी मला हायसं वाटलं. हे इथे तरी लिहायला हवं. लाज वाटली ती बाहेर आल्यावर, सायकलचं कुलूप उघडताना.

२६ जाने., गुरु.
उद्घाटन झालं. फितीच्या कात्रीचं ताट माझ्या हातात दिलं होतं. बॅच खाकी युनिफॉर्ममध्ये, पंधरा जण एका रांगेत. एकही माझ्याकडे बघत नव्हता. मंत्री म्हणाले, इथून कुशल हात बाहेर पडतील. जेवलो नाही. पोट बिघडलंय सांगितलं.

१ फेब्रु., बुध.
चौकशी समिती. तिघे जण, नव्या इमारतीत. मडावी बाहेर बाकावर.
आत गेलो आणि सांगून टाकलं. आठवड्याची हजेरी सोमवारीच भरतो, बॅच मी बोलावली, स्वेटर बघून बोललो नाही, चहाला गेलो. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. समितीतल्या नागपूरच्या साहेबांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं. मग फाइलीतून मडावीचा कागद काढला. तुमचं खरं असेल तर यानं खोटी जबानी दिलीय, म्हणाले. त्यासाठीही नाव कमीच केलं जातं.
मी म्हटलं, ती त्याची नाही, लिहून आणलेली. अंगठा कोणाचा, त्यांनी विचारलं. मडावीला आत बोलावलं. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. काय बोललं तर मी वाचेन, ते शोधत असावा.
निर्णय टपालाने कळवणार, दोघांचाही.
बाहेर आल्यावर मडावी बाकावर बसला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.
"सर, सांगाचंच होतं तं माह्या अंगठ्याच्या आंधी काऊन नाई सांगतलं?"
त्याची गाडी साडेचारला होती. स्टँडपर्यंत गेलो त्याच्यासोबत. तो पुढे चालत होता.