ठिपक्यांचा खंडोबा

४ नोव्हेंबर १९९६
सकाळी अण्णांकडे. त्यांच्या विजूच्या लग्नपत्रिकेचा विषय. माथ्यावर नेहमीसारखा मी कॉम्प्युटरवर काढलेलाच खंडोबा, हे मी धरूनच चालले होते. वैनी म्हणाली, "वन्सं, या वेळी कोरमंगलाच्या दुकानात रंगीत करू. तुमचा तो ठिपक्यांचा नको." अण्णा पेपरात तोंड घालून बसलेले. सख्खा भाऊ!

६ नोव्हें.
फ्लॉपी घेऊन मीच त्या दुकानात. तिथली मुलगी भली, तीनदा प्रयत्न केला. नवा कॉम्प्युटर माझी पी.आय.सी. फाइल उघडतच नाही. "हा फॉर्मॅट आता कुणी वापरत नाही, अम्मा. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." सीडीवरचे घोडे दाखवले. सगळे गुळगुळीत, शर्यतीचे.
नाही करणार अ‍ॅडजस्ट.

७ नोव्हें.
वैनीला हा हट्ट वाटतो. देव्हाऱ्यातला आईचा खंडोबाचा चांदीचा टाक झिजला म्हणून तिनंच तो सोनाराकडे आटवून नवा केला. त्याआधी आठवडाभर टाक समोर ठेवून मी खंडोबा कॉम्प्युटरवर उतरवला होता. आईनं रोज चिंचेनं घासून सपाट केलेलं ते नाक आता फक्त या फाइलीत आहे.
घोडा मात्र क्लिप आर्टमधल्या काउबॉयचा. टाकावरच्या घोड्याला पायच उरले नव्हते. काउबॉयची टोपी खोडली, दोरीच्या जागी तलवार दिली. चिकपेटातल्या किती घरांनी पत्रिकेवरच्या या घोड्याला हळदकुंकू लावलं असेल! लाज वाटते का? मुळीच नाही.

१० नोव्हें.
जुना मॉनिटर थरथरतोय. दुरुस्तीवाला म्हणाला, फार तर महिना.
शाळेत भरतकाम शिकवणाऱ्या सिस्टर अ‍ॅग्नेस आठवल्या. चौकटीच्या कागदावर नक्षी, मग कापडावर मोजून फुल्या. काम झालं की आधी उलटून मागची बाजू बघायच्या. म्हणून तर ठिपक्यांची मला कधी भीती वाटली नाही.
ग्राफ पेपर आणला. एक ठिपका, एक चौकोन.

१५ नोव्हें.
सगळा उतरला. डोळे चुरचुरतात. पण कागद उघडायला सॉफ्टवेअर लागत नाही.
वैनीचा फोन. "पत्रिका छापायला दिली हं. गुलाब घातलेत."
"छान. वैनी, आपल्याकडे आंतरपाट कोण देतं?"
"आत्या."
"मग झालं तर."

२३ नोव्हें.
विजू आला. आंतरपाटावरच्या लाल फुल्या बघत उभा राहिला.
"आत्या, आईनं दुसरा आणून ठेवलाय. जरीचा."
"तुला कुठला हवा?"
त्यानं कापड उलटून मागची बाजू बघितली. "मागूनही नीट आहे गं."
"असायलाच हवी. पुढची नवरीला दिसणार, मागची तुला."
जाताना घडी त्यानंच घातली, खंडोबावर मोड येणार नाही अशी.
नाक जमलंय. घोड्याचे पाय भरायचे उरलेत. लग्नाला सोळा दिवस.